पुन्हा मोज

आमच्या देवळाच्या पत्र्याला एक भोक आहे.
गावात त्याला माझं नाव आहे:
शांतवनचं भोक.
पावसाळ्यात त्याच्याखाली घमेलं ठेवतात,
आणि कोरड्या दिवसांत, उपासना निम्मी झाली की
त्यातून उन्हाचा एक रुपया खाली पडतो,
बायकांच्या सतरंजीवरून सरकत सरकत
वेदीच्या पायरीशी जातो, विझतो.

पत्र्यांचेच होते ते पैसे.
एकतीस हजार चारशे.
मी खजिनदार. डबा माझ्या घरी,
किल्ली माझ्या गळ्यात, क्रुसाच्या शेजारी.
त्यात दीनाबाईंचे वाळे विकून आलेले,
कुण्या पोरानं बोरं विकून दिलेले साडेअकरा.
आकडा लावताना हे काही आठवत नाही.
आधी दोनशे घेतले, परत ठेवले.
मग पाचशे.
मग परत ठेवायची सवय गेली.
ज्या रविवारी हिशेब मागितला
त्या रविवारी मी हिंगणघाटच्या गाडीत होतो.

नऊ वर्षं जिनिंगमध्ये.
रात्रपाळी, सरकीचे ढीग, नाकातोंडात कापूस,
थुंकलो तरी पांढरं.
पाप लाल असतं, असं संडे स्कूलमध्ये शिकवलेलं.
माझं पांढरं होतं
आणि धुतल्यानं जात नव्हतं.
प्रार्थनेला बसलो की ओठांवर आकडेच यायचे.
एका रात्री तेही संपले.
लाइट गेलेली, मशिनी गप्प,
आणि कुणीतरी शेजारी येऊन टेकल्यासारखं,
दमून आलेलं, काही न विचारणारं.
याहून जास्त मला सांगता येत नाही.
पुढच्या पगारापासून मी थोडे वेगळे ठेवू लागलो.

हंगामाच्या सणाला आलो.
वेदीपुढं सगळं तसंच: कोहळे, तुरीच्या पेंढ्या,
कुणाची रुमालातली सहा अंडी,
पाय बांधलेला एक कोंबडा.
मागच्या भिंतीला टेकलो. कुणी सलाम केला नाही.
मीही नाही.

उपासनेनंतर लिलाव. कोंबडा निघाला.
मी हात वर केला. चारशे.
एलियाजरनं माझ्या हातातून पलीकडं पाहिलं,
खिडकीतून बघतात तसं.
"तीनशे एक वार... तीनशे दोन वार..."
तेव्हा दीनाबाई काठी टेकत उठल्या.
"माह्या डोयात मोतीबिंदू हाय.
तुमच्या कशात हाय?"

आणि दानाचा डबा पायानंच माझ्याकडं सरकवला.
"बस. मोज."

दहाच्या नोटा, चिल्लर, हळद लागलेली विसाची.
"सहा हजार आठशे साठ."
"पुन्हा मोज."
मोजले. तेवढेच.
"अजून एकदा."

तिसऱ्यांदा मला वाईट वाटलं.
वाटलं, म्हातारी मला चारचौघांत सोलतेय.
बोटं ऐकेनात. नोटा एकमेकींना चिकटल्या.
आणि तो कोंबडा आरवला, भर दुपारी,
मागं पोरं खिदळली,
मला पुढचा आकडा दिसेना.

"तेवढेच आहेत, आत्या."
"मले कुठी दिसते?
तू म्हनशीन तेवढे."

पदराची गाठ सोडून त्यांनी किल्ली काढली.
दोघे जण उठून गेले.
एलियाजर म्हणाला, कमिटीत ठरवू,
आणि कोंबडा घेऊन गेला, तीनशेलाच.
मी खिशातलं पाकीट त्यांच्यापुढं धरलं, नऊ वर्षांचं,
एकतीस हजार चारशे.
"ते पत्रेवाल्याले दे. मले काहून दाखवतं?"

पत्रे येतील येत्या आठवड्यात.
त्या दुपारी मात्र पायरीशी तो उन्हाचा रुपया होता.
जुनी खोड, मी तोही उचलायला वाकलो.
आला, तळहातावर आला.
मूठ मिटली तर
मुठीच्या वरच बसून राहिला.